मोन्सिन्योर गुंडा

बिशपांचा फोन आला तेव्हा फादर सायमन वाघमोडे ओट्यापाशी उभ्यानंच भाकरी खात होते. उभ्यानं जेवायची खोड एकट्या माणसाला लागतेच लागते. टेबलाशी बसावं तर समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघत घास गिळावा लागतो, त्यापेक्षा ओटा बरा. चर्चच्या मागचं ते घर कधीकाळी तीन फादरांसाठी बांधलेलं होतं. आता एवढ्या खोल्यांत मिळून हे एकटे. नागम्मा यायची, स्वयंपाक करून झाकून ठेवायची आणि दिवे लागले की आपल्या घरी जायची.

"अभिनंदन फादर," बिशप पुण्याहून बोलत होते. "रोमहून मंजुरी आली. तुम्ही मोन्सिन्योर झालात. पुढच्या महिन्यात मी सोलापुरात येतो, तिथंच सोहळा करू."

फादरांनी त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि अडकलेला घास पाण्याबरोबर खाली ढकलला. बातमी चांगली होती. आता चांगली बातमी आली की माणूस पहिल्यांदा काय करतो? कुणाला तरी हाक मारतो. "अगं, ऐकलंस का," म्हणतो. "अरे, इकडं ये," म्हणतो. फादर लगबगीनं व्हरांड्याच्या दारापर्यंत गेले, तिथं थांबले, आणि परत ओट्यापाशी येऊन त्यांनी उरलेली भाकरी संपवली.

मोन्सिन्योर म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. कॅथलिक पाद्र्यांमधला तो एक मानाचा किताब. त्यानं पगार वाढत नाही, अधिकार वाढत नाही, बदली टळत नाही. काळ्या झग्याला जांभळी किनार लागते, कमरेला जांभळा पट्टा येतो, आणि लोकांनी फादर म्हणायचं सोडून मोन्सिन्योर म्हणायचं, एवढंच. पूर्वी हा किताब बऱ्यापैकी सढळ हातानं वाटत. मागच्या पोपसाहेबांनी हात आखडता घेतला आणि साध्या पाद्र्याला तो पासष्टी उलटल्याशिवाय द्यायचा नाही असा नियम केला. फादर सायमन सत्तरीला आलेले, म्हणजे नियमात चांगले बसत होते.

शिवाय फादरांना लॅटिनची भारी गोडी. तरुणपणी सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवतात त्या विद्यालयात, त्यांनी काही वर्षं ते शिकवलंही होतं. त्यामुळं शब्द कानावर पडल्या पडल्या त्यांनी तो सोलायला घेतला. सेनेक्स म्हणजे म्हातारा. सेनियोर म्हणजे त्याहून म्हातारा, थोरला. मेउस सेनियोर, माझा थोरला. फ्रान्समधल्या लोकांनी त्याचं आपल्या तोंडाला सोसेल असं मोन्सेन्यर केलं, इटलीवाल्यांनी मोन्सिन्योरे केलं, आणि तसाच तो फिरत फिरत सोलापुरापर्यंत आला. बँकेत, शाळेत, पोलीस चौकीत ज्याला त्याला 'सर, सर' करतात, ते सर म्हणजेही ह्याच म्हाताऱ्या सेनियोरचं पिल्लू.

"म्हणजे वाघमोडे म्हातारा झाला, ह्याच्यावर रोमनं शिक्का मारला म्हणायचं," फादर स्वतःशीच म्हणाले आणि हसले. विनोद बरा होता. पण सोलापुरात तो सांगायचा कुणाला? एकट्यानं हसणं फार वेळ टिकत नाही. फादरांनी ताट धुतलं आणि दिवा मालवला.

रविवारी मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर बातमी चर्चभर झाली. त्या चर्चमध्ये फादरांना नावांची काही कमी नव्हती. विणकरांच्या घरातल्या तेलुगू बायका फादरगारू म्हणायच्या, अक्कलकोटकडची कानडी माणसं स्वामी म्हणायची, रेल्वे क्वार्टरमधली तमिळ कुटुंबं सामी म्हणायची, आणि फाटकाबाहेरचा रिक्षावाला फादरसाब म्हणायचा. आता त्यात आणखी एकाची भर.

"फादर, फ्लेक्सवर नाव काय टाकायचं?" इनासप्पा विचारत होता. रेल्वेतून निवृत्त झालेला हा गडी चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष होता, आणि फ्लेक्स लागल्याशिवाय सोलापुरात कुणी मोठा होत नाही हे त्याचं पक्कं मत होतं. "मोन्सिन्योर रेव्हरंड फादर सायमन वाघमोडे, असं टाकू की."

"एवढं सगळं टाकलंस तर माझा फोटो कुठं मावणार रे?"

सगळे खो खो हसले. मग एकेकानं पुढं येऊन फादरांचा हात हातात घेतला, ओठांना लावला, आणि सगळे आपापल्या घरी जेवायला गेले. फादरांवर त्या लोकांचा जीव होता, खोटं कशाला बोला. कुणी आजारी पडलं की ह्यांना बोलावत, पोरीचं लग्न ठरलं की पहिली पत्रिका ह्यांना. पण लोक फादरांसमोर एक तर वाकत, नाही तर आशीर्वादाला डोकं पुढं करत. खांद्यावर हात टाकून "काय रे, कसा आहेस लेका" म्हणणारं एकही माणूस त्या गर्दीत नव्हतं. चाळीसेक वर्षांत नव्हतं.

त्याच आठवड्यात ते साखर तपासायला लॅबमध्ये गेले. बाकड्यावर गर्दी होती. आतून मुलगी ओरडली, "सायमन! सायमन कोण आहे?" फादर भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलेले. मुलगी पुन्हा ओरडली, आवाज चढवून. फादर बसलेलेच. शेवटी शेजारच्या माणसानं त्यांना कोपरानं ढोसलं. "ओ फादर, तुमालाच बोलावतेत की!"

फादर दचकून उठले. आपल्याला कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली, पण कान त्यांचे ठणठणीत होते. नाव कानात शिरलं होतं; ते आपलं आहे हेच ध्यानात आलं नव्हतं. रक्त देऊन घरी येईपर्यंत त्यांच्या मनातून ते जाईना.

आणि सायमन तरी त्यांचं खरं नाव कुठं होतं?

खरं नाव गुंडा. येडू धनगराचा गुंडा. बाप माळशिरसकडचा. मेंढरं घेऊन फिरायचा, आणि खतासाठी लोकांच्या रानात रात्री मेंढरं बसवायचा. असाच एका साली त्यानं मिशनच्या रानात कळप बसवला होता, आणि तिथं तीन वर्षांच्या गुंडाला ताप भरला. पोर हातचं गेलंच होतं. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर त्याच्या उशाशी बसून राहिल्या, आणि बाहेर आईनं पदर पसरून सांगितलं, "ह्यो वाचला तर ह्याला तुमच्या देवाला सोडीन." गुंडा वाचला. आईनं शब्द पाळला. मिशनची शाळा, बोर्डिंग, बाप्तिस्मा, सेमिनरी, असं करत करत गुंडाचा सायमन झाला आणि सायमनचा फादर.

मायाक्का ही त्यांची एकुलती बहीण, दहा वर्षांनी थोरली. मेंढरांमागं चालताना गुंडा तिच्या कडेवर असायचा. तिचं लग्न लवकर झालं, ती सासरी धनगराच्या घरात बिरोबाची पूजा करत राहिली. भावाचा देव वेगळा म्हणून तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. फादरांची दीक्षा होती त्याच्या आदल्या संध्याकाळी ती बोर्डिंगच्या ओट्यावर बसून ओरडत होती, "गुंड्या, नीट जेव की रं! हाडकं निगाल्यात तुजी." आणि दुसऱ्या दिवशी, बिशपांनी डोक्यावर हात ठेवून झाल्यावर, तीच मायाक्का सगळ्यांच्या देखत ह्यांच्या पायांवर कपाळ टेकून म्हणाली, "आशीर्वाद द्या, फादर."

ते फादर आजपर्यंत. त्या सकाळनंतर गुंडा हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. पोटच्या जोतिरामलाही तिनं मामा म्हणू दिलं नाही. त्यानं एकदा म्हटलं तर त्याचा कान पिळला. आई-बाप गेले, चुलते गेले, बरोबरीचे मेंढके गेले, आणि जाताना प्रत्येकजण ते नाव आपल्याबरोबर घेऊन गेला. उरली ही एक. फादरांनी तिला दोन-चारदा सांगून पाहिलं होतं, "अक्का, मला नावानं हाक मार की." ती दोन्ही कानांना हात लावायची आणि म्हशीला पाणी पाजायला उठून जायची. बहिणीनं आपल्याला देव करून कोनाड्यात बसवलं आणि ती मोकळी झाली, असं फादरांच्या मनानं घेतलं. त्याचं त्यांना दुखायचं. दुखायचं म्हणून त्यांचं जाणं कमी कमी होत गेलं.

लॅबमधून आल्यावर त्या दुपारी ते खोलीत खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "गुंडा." काही वाटलं नाही. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "ए गुंड्या!"

"कोण आलंय फादर?" स्वयंपाकघरातून नागम्मानं विचारलं. "चहा ठेवू का?"

"कोणी नाही गं," फादर म्हणाले. त्यांचे त्यांनाच डोळे भरून आले. आपलं नाव आपण घेण्यात काही राम नसतो, ते दुसऱ्यानं घ्यावं लागतं. सोहळ्याच्या आधी एकदा, फक्त एकदा, अक्काच्या तोंडून ती हाक ऐकायचीच, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. अक्का ऐंशीच्या घरात. आज आहे, उद्याचं कुणी सांगावं. ती गेली की गुंडा नावाचा पोरगा होता हे सांगायलाही जगात कुणी राहणार नव्हतं. मग लोकांनी मोन्सिन्योर म्हटलं काय आणि आणखी काही म्हटलं काय, सारखंच.

त्यांनी जोतिरामला फोन लावला. त्यानं आईच्या कानाला धरला.

"आशीर्वाद द्या, फादर," पलीकडून आवाज आला. हॅलो नाही, काही नाही.

"अक्का, मी येतोय उद्या."

"या की. तुमाला साखरंचं पथ्य हाय न्हवं? सुनंला सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी फादरांनी मुद्दाम झगा घातला नाही. कपाटातून जुना चौकड्यांचा शर्ट काढला, पायात साध्या चपला सरकवल्या आणि एसटी पकडली. पंढरपुरात गाडी बदलली. माळशिरसला जोतिराम मोटरसायकल घेऊन उभा होता. मामाला शर्टात बघून तो जरा बावचळला, पण लगेच खाली वाकला. "फादर, नीट धरून बसा. रस्ता लई खराब हाय."

वस्ती माळावर. चार घरं, बाभळी, मेंढरांचा वाडा. मायाक्का काठी टेकत दाराबाहेर आली. गुडघे कामातून गेलेले, तरी काठी बाजूला टाकून वाकायला लागली. फादरांनी तिचे दोन्ही दंड धरले. "नको अक्का, नको गं." ती कुठली ऐकतेय! पायांना हात लावूनच उठली, आणि उठताना कण्हली.

"लई वाळलासा, फादर."

घरात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरलेला. फादर खुर्ची सोडून खाली घोंगड्यावर बसले. तशी मायाक्का घोंगड्यावरून सरकून नुसत्या जमिनीवर गेली. फादर जमिनीवर सरकले, तर ती उंबऱ्याकडं सरकली. हे असंच चाललं असतं तर म्हातारी अंगणात जाऊन बसली असती. फादरांनी हात टेकले आणि मुकाट्यानं घोंगड्यावर मांडी घातली.

"जोतिराम सांगत हुता, तुमास्नी मोठं पद मिळालंय म्हनं," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "काय म्हनायचं आता?"

"मोन्सिन्योर."

"बया! म्हंजी काय ओ?"

"लॅटिन म्हणून एक जुनी भाषा आहे. तिच्यात त्याचा अर्थ, माझा थोरला."

मायाक्कानं मान हलवली. "बराबर हाय. थोरलंच हायसा तुमी."

"कसला थोरला?" फादरांचा आवाज चढला. "थोरली तू! मला कडेवर घेऊन मेंढरांमागं फिरलीस तू. माझं नाक पुसलंस, मला पाटात धुतलंस. मी तुझा थोरला कसा गं?"

"देवाघरचं मानूस समद्यास्नी थोरलंच असतंय."

"अक्का," फादर म्हणाले, आणि बोलायचं ठरवून आणलेलं सगळं विसरून एकदम मुद्द्यावर आले. "मला एकदा गुंडा म्हण. एकदाच म्हण. पुन्हा कधी मागणार नाही."

मायाक्काचा हात कानाकडं गेला. "दिपाली," तिनं आत सुनेला हाक मारली, "च्या झाला का गं?"

"चहा मरू दे! मी एवढ्या लांबून चहा प्यायला आलो नाही." फादरांना रडू आवरेना. सत्तरीचा माणूस, पण ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. "सगळे गेले अक्का. आई गेली, बाप गेला. मला हाक मारणारं कोण राहिलं नाही. काल दवाखान्यात नाव पुकारलं तर मी वळलो नाही. तू आहेस, तर तूही मला अशी वाळीत टाकल्यागत वागवतेस. काय केलं मी तुझं?"

मायाक्का बघत राहिली. वाळीत हा शब्द तिला फार लागला असावा. मग ती बोलली, पण भावाकडं न बघता, दाराबाहेर मेंढरांच्या वाड्याकडं बघत.

"आपल्या घरात देवाला मेंढा सोडायची रीत हुती, ठावं हाय का तुमास्नी?"

"ऐकलंय."

"नुसतं ऐकलंय. तुमी तवा पाळन्यात. मी बघितलंय." ती सांगू लागली. "बापानं एक मेंढा सोडला हुता. लई लाडका, हरन्या नाव त्याचं. एकदा देवाला सोडला की त्याला काठी लावायची न्हाय, कळपात कोंडायचा न्हाय, अन् घरच्या नावानं हाक मारायची न्हाय. आज्ज्यानं बजावलं हुतं. हाक मारली की जनावर माघारी फिरतंय, अन् मंग देव त्याला राखत न्हाय. ऱ्हावतंय व्हय बापाला? एक दिस सांजंला त्यो लांब माळावर चरताना दिसला, अन् बापाच्या तोंडातनं निगालं, 'हरन्या!' बिचारं पळत आलं ओ. पायात घुटमळलं. बापानं कुरवाळलं त्याला. सकाळच्या पारी बघतोय तर लांडग्यानं फाडून टाकलेलं. वाड्याच्या तोंडाशी."

फादरांनी नकळत दाराबाहेर वाड्याकडं पाहिलं.

"तुमास्नी आयनं सोडलंया. मरनाच्या दारातनं माघारी आनून सोडलंया. अन् मी हाक मारू व्हय?" मायाक्काचा आवाज चिरकला. "मारली हाक, अन् तुमास्नी काय झालं तर?"

आता फादरांचं चुकलं ते इथं. त्यांनी समजूत घालायला हवी होती, किंवा गप्प बसायला हवं होतं. पण माणूस इतकी वर्षं उपाशी राहिला की त्याची जीभ ताब्यात राहत नाही.

"झालं तर होऊ दे," ते म्हणाले. "मरायचंच वय आहे. मेलो तर मेलो! पण तुझ्या तोंडून नाव ऐकून मरेन, त्यात—"

पाठीत धाडकन धपाटा बसला. असला बसला की फादर पुढं कोलमडले आणि त्यांचा चष्मा घोंगड्यावर पडला.

"मुडद्या! तोंड हाय का गटार?" मायाक्का गुडघ्यांवर उठून उभी राहिली होती, हात पुन्हा उगारलेला. "मरतोय म्हनं! तुला जगवायला आयनं रातीचा दिस केला, पदर पसरला, पोटचा गोळा दुसऱ्याच्या दारात ठिवला, अन् तू मरतोस? माज्या देखत मरतोस? पुन्ना बोल, पुन्ना बोलून बग! थोबाड फोडीन तुजं!"

दिपाली चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथंच खिळली. सासूनं फादरांना मारलं!

मायाक्काला भान आलं. तिनं आपल्या हाताकडं पाहिलं, मग भावाच्या पाठीकडं पाहिलं, आणि मटकन खाली बसली. "आई आई गं, काय केलं मी ह्ये! फादर, चुकलं माजं. देवाच्या मानसावर हात उगारला. लागलं का ओ?"

"लागलं," फादर म्हणाले. ते रडत होते आणि हसतही होते, आणि त्यांना स्वतःला दोन्हींतलं काय चाललंय ते कळत नव्हतं. दीक्षा झाल्यापासून त्यांच्या अंगाला असा हात कुणी लावला नव्हता. "चांगलं लागलं, अक्का."

"माज्या जिवाला काय वाटत न्हाय व्हय ओ?" मायाक्का पदर तोंडाला लावून बोलत होती. "तुमी आला की तोंडाशी येतंय नाव. फोनवर आवाज ऐकला की येतंय. रोज सांजंला मेंढरं आत घेताना येतंय, अन् मी गिळते. इतकी वर्सं झाली, गिळतीया. आन् तुमी म्हनता वाळीत टाकलं."

फादरांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. त्यांना पुष्कळ बोलता आलं असतं. देव असा नसतो, नावाला लांडगा येत नाही, ही सगळी मनाची भीती आहे, असं त्यांनी चर्चमध्ये कितीतरी वेळा, कितीतरी लोकांना समजावलं होतं, आणि लोकांना पटलंही होतं. अक्कालाही कदाचित पटलं असतं. एखादे वेळी घाबरत घाबरत तिनं हाकही मारली असती. पण त्यानंतर? फादर सोलापूरला परत गेले असते, आणि ही म्हातारी रोज सकाळी जोतिरामला फोन लावायला लावून भाऊ जिता आहे का विचारत बसली असती. आयुष्यभर आपण समजत होतो की ही आपल्याला लांब ठेवते. ती राखत होती. आईनं देवाला सोडलेला भाऊ ती एकटीनं, कुणाला न सांगता, राखत होती. फादरांना आपली लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिची माया आली.

"राहू दे अक्का," ते म्हणाले. "पुन्हा नाही मागणार मी. तू फादरच म्हण."

"शपत?"

"शपथ."

मायाक्कानं सुस्कारा सोडला. दिपालीनं गार झालेला चहा परत नेला आणि दुसरा करून आणला, बिनसाखरेचा. दोघांनी तो प्याला. बाहेर जोतिराम मेंढरांना पाणी दाखवत होता. सोहळ्याला येणार का, असं फादरांनी विचारलं. गुडघ्यांनी येववत न्हाय, म्हणाली. उन्हं उतरू लागली तसे फादर उठले. परतीची गाडी गाठायची होती.

मायाक्का काठी टेकत त्यांना मोटरसायकलपर्यंत पोचवायला आली. वाकून पायांना हात लावला. फादरांनी तिच्या पिकल्या केसांवर हात ठेवला आणि पुटपुटत आशीर्वाद दिला. ती उठली नाही लगेच. उठली तेव्हा काहीतरी ठरवून उठल्यासारखी दिसत होती.

"फादर, एक सांगू का?"

"बोल की."

"मी तुमच्या आदी जानार. थोरली हाय न्हवं मी." तिनं हे बाजाराला जायचं सांगावं तसं साधेपणानं सांगितलं. "वर गेले की आई भेटंल, बाप भेटंल. तितं लांडगा न्हाय, काय न्हाय. मंग तुमची पाळी आली, अन् तुमी याय लागला, की लांबनं दिसतालच की. तवा मी हाक मारीन. त्या नावानं. लई मोठ्यांदा मारीन, समद्यास्नी ऐकू जाईल अशी. तवर थांबा."

फादर नुसती मान हलवून मोटरसायकलवर बसले. चाळीस वर्षं मयतीमागून मयती करत, उघड्या थडग्यांपाशी उभं राहून ते लोकांना स्वर्गाचं वर्णन करून सांगत आले होते, आणि ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तिथं जावं असं मनापासून त्यांना वाटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.